टॉवर येतो, पेटी मुकीच राहते : कर्नलमधल्या हरवलेल्या मालकीचं एक प्रकरण

वरुड तालुक्यातल्या काही संत्र्याच्या बागांमध्ये धुऱ्यावर खांब रोवून मातीतला ओलावा मोजणाऱ्या पेट्या लावल्या आहेत. पेटीत ५१२ एमबी मेमरीचा ६४-बिट एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ५.१०, यूएसबीला जोडलेला ४जी मॉडेम, वर सौर पॅनेल आणि आत बॅटरी. एक छोटा प्रोग्राम दर १० मिनिटांनी ओलाव्याचा आकडा यूडीपीवरून (पोचेची हमी न देणारी, पॅकेट पाठवण्याची साधी पद्धत) सर्व्हरला पाठवतो. पोच आली नाही तर तोच आकडा दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवत राहतो. एवढंच त्याचं काम.

या आकड्याची खरी गरज पडते डिसेंबर-जानेवारीत. आंबिया बहारासाठी झाडांना ताण देतात तो हा काळ. ओलीत बंद करायचं, झाडाला विश्रांतीला जाऊ द्यायचं, आणि पानं मलूल व्हायला लागली की पाणी देऊन ताण तोडायचा. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला वेळ लागतो, हलक्या जमिनीत तो लवकर बसतो. जास्त झाला तर फांद्या वाळतात. एकाच वावरात दोन्ही तऱ्हेची माती असली की नुसत्या नजरेचा अंदाज फसतो. आणि नेमक्या याच दिवसांत पेट्या एकेक करून मुक्या होत होत्या.

मुकी म्हणजे बंद नव्हे. बॅटरी भरलेली, मॉडेमला रेंज, दुरून लॉगिनही होत होतं. फक्त ओलाव्याचा आकडा येत नव्हता. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की पेटी लगेच बोलायला लागायची, म्हणून सगळा संशय प्रोग्रामवर. मॉडेम पुरवणाऱ्यांचा सल्लाही तसाच होता: रोज रात्री प्रोग्राम आपोआप रीस्टार्ट करा.

पहिला खरा धागा एका बागाईतदार काकांनी दिला. पेटी बघायला गेलेल्या पोराला ते म्हणाले, “लाइन गेली का घंटा-दोन घंट्यानं टावर जाते. टावर आला का आमचे मोबाइल सुरू होतात, पण तुमची पेटी काई बोलत नाई. थोडा वेळ गेली तर बोलते, रातभर गेली का मुकीच.”

या तीन वाक्यांत निदानाचा निम्मा भाग आला होता. गावठाण फीडर (गावाला वीज देणारी वाहिनी) गेला की टॉवर आधी बॅटरीवर चालतो आणि मग बसतो. आपली पेटी सौर असल्यामुळे ती जागीच राहते आणि नसलेल्या टॉवरकडे दर ३० सेकंदांनी पॅकेट ढकलत राहते. खंड लहान असला तर काही होत नाही, मोठा असला की काहीतरी भरतं. काय भरतं, ते शोधायचं होतं.

प्रोग्राम अडकलाय कुठे

मुक्या पेटीवर लॉगिन करून कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या ‘प्रोक’मधली त्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, ‘स्टॅक’ फाइल वाचली. प्रोग्राम ‘सेंडटू’ या सिस्टिम कॉलमध्ये (कर्नलकडे केलेल्या मागणीत) झोपलेला होता. कर्नलमध्ये त्याचा मुक्काम ‘सॉक अलॉक सेंड पीएसकेबी’ या फंक्शनमध्ये. पॅकेट पाठवायच्या आधी त्यासाठी जागा मागितली जाते ती इथे, आणि जागा नसेल तर प्रोसेस इथेच थांबते. म्हणजे रेंज येऊनही प्रोग्राम पॅकेट तयार करण्याच्या पायरीपर्यंतच पोहोचत नव्हता.

मग ‘एसएस’ कमांडनं सॉकेटच्या, म्हणजे प्रोग्रामनं पॅकेट पाठवायला उघडलेल्या दाराच्या, मेमरीचा हिशेब काढला. तिथे दोन आकडे महत्त्वाचे असतात. ‘टीबी’ म्हणजे पाठवण्याच्या बफरची मर्यादा, ती २,१२,९९२ बाइट; या कर्नलची नेहमीची डीफॉल्ट. ‘टी’ म्हणजे त्या सॉकेटनं पाठवलेल्या, पण अजून मोकळ्या न झालेल्या पॅकेटांची बेरीज. ती २,१३,५०४. मर्यादेच्या जरा वर, आणि टॉवर येऊन कित्येक तास झाले तरी जागची न हललेली.

इथे यंत्रणा नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कर्नलमध्ये प्रत्येक पॅकेट एका ‘एसकेबी’त राहतं. यूडीपीनं एसकेबी तयार केली की तिचं वजन पाठवणाऱ्या सॉकेटच्या खात्यावर चढतं. खात्याचं नाव ‘एसके डब्ल्यूमेम अलॉक’. एसकेबीला एक ‘डिस्ट्रक्टर’ जोडलेला असतो, ‘सॉक डब्ल्यूफ्री’. ज्या कोणाच्या ताब्यात एसकेबी शेवटी असेल त्यानं ती मोकळी केली की हा डिस्ट्रक्टर चालतो, वजन खात्यातून उतरवतो आणि जागेसाठी झोपलेल्या प्रोसेसला उठवतो. संत्र्याच्या व्यापारात क्रेटचा हिशेब असाच चालतो. भरलेले क्रेट ज्यानं उचलले त्यानं रिकामे परत पाठवायचे. ते अडकले तर झाडावर माल असूनही तोड थांबते.

आमचं पॅकेट लहान, पण कर्नलच्या हिशेबात त्याचं वजन ७६८ बाइट: ५१२ बाइटचा डेटा-तुकडा आणि वर २५६ बाइटची एसकेबी. जागा द्यायची की नाही हे ठरवताना कर्नल एवढंच बघतो, की आतापर्यंतचं वजन मर्यादेपेक्षा कमी आहे का. २७७ पॅकेटांचं वजन २,१२,७३६ होतं. ते मर्यादेच्या आत, म्हणून २७८ वं जातं. २७८ चं वजन बरोबर २,१३,५०४. पुढचं अडकतं. दर ३० सेकंदांना एक या वेगानं २७८ पॅकेटांना २ तास १९ मिनिटं लागतात. काकांच्या “थोडा वेळ” आणि “रातभर” यांच्या मधली रेघ हीच होती. शिवाय वजन कधीच उतरत नसल्यामुळे छोटे छोटे खंडही साठत जात. काही पेट्या दिवसा, अर्ध्या तासाच्या खंडानंतर मुक्या झाल्या, त्याचा उलगडाही इथेच झाला.

यात फसवी गोष्ट म्हणजे मेमरीकडे पाहून काहीच कळत नव्हतं. अडकलेलं सगळं मिळून सुमारे २०८ केबी. ५१२ एमबीच्या बोर्डावर ‘फ्री’ कमांडला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि रीस्टार्टचा गुण का येत होता? नवा प्रोग्राम नवं सॉकेट उघडतो, त्याचं खातं कोरं असतं. जुनं सॉकेट प्रोग्रामनं बंद केलं तरी कर्नलमध्ये मरत नाही, कारण त्याच्या खात्यावर अजून पॅकेटं चढलेली असतात आणि कर्नल त्या शून्याची वाट बघतो. कर्नलच्या स्वतःच्या मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘स्लॅबटॉप’मध्ये ‘यूडीपी’ आणि ‘एसकेबफ हेड कॅश’ या दोन्ही ओळी रीस्टार्टगणिक फुगत होत्या. म्हणजे रोजचा रीस्टार्ट दोष झाकत होता आणि गळती वाढवत होता.

पॅकेट कोणाच्या हातून निसटलं

कार्यालयातल्या टेबलावर हा दोष कधी दिसला नव्हता, कारण तिथे टॉवर जातच नाही. तो घडवायला वीज घालवायची गरज नव्हती. मॉडेमला ‘एटी प्लस सीफन बरोबर ४’ ही आज्ञा दिली की त्याचा रेडिओ बंद होतो आणि तो नेटवर्कवरून उतरतो. पुन्हा पाठवण्याचं अंतर ३० सेकंदांवरून १ सेकंदावर आणलं. वरचा हिशेब खरा असेल तर पेटी ४ मिनिटं ३८ सेकंदांनी मुकी व्हायला हवी. तशीच झाली. निदान बरोबर आहे याची मला पहिल्यांदा खात्री वाटली ती या क्षणी; दोष वेळ सांगून घडवता आला म्हणजे त्याची यंत्रणा हाती लागली.

यानंतर कर्नलमधली मेमरीची गळती शोधणारं ‘केमेमलीक’ चालू करून बांधलेला कर्नल चढवला. त्यानं वाऱ्यावर सुटलेल्या एसकेबी दाखवल्या, पण त्यांचा माग ‘यूडीपी सेंडएमएसजी’कडे जात होता. केमेमलीक वस्तू जन्मली कुठे ते सांगतो, हरवली कुठे ते सांगत नाही. हे ध्यानात ठेवलं नाही तर माणूस यूडीपीच्या कोडमध्ये दिवसच्या दिवस घालवेल, आणि तिथे काहीही चुकलेलं नसतं.

हरवण्याची जागा दाखवली ती एका गैरहजेरीनं. मॉडेमच्या इंटरफेसचा ‘टीएक्स ड्रॉप्ड’ (टाकून दिलेल्या पॅकेटांचा) काउंटर रेंज नसताना सरळ चढत होता. एखादं पॅकेट टाकून देताना ‘केफ्री एसकेबी’ बोलावलं की त्याच नावाच्या ट्रेसपॉइंटवर, म्हणजे कर्नलमधल्या ठरलेल्या जागी, नोंद पडते. ती ‘पर्फ’नं ऐकत बसलो, तर या पॅकेटांची एकही नोंद नाही. ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधला मॉडेम चालवणारा कोड, म्हणतोय पॅकेट टाकलं. मोकळं मात्र कोणीच केलेलं नाही.

ड्रायव्हर मुख्य कर्नलमधला नव्हता, पुरवठादारानं मॉडेमसोबत दिलेला होता. सुदैवानं सोर्स हातात होता. पॅकेट पाठवण्याच्या फंक्शनची, म्हणजे ‘एनडीओ स्टार्ट एक्समिट’ची सुरुवात अशी: मॉडेम नेटवर्कवर नोंदलेला नसेल तर ‘टीएक्स ड्रॉप्ड’ एकनं वाढव आणि ‘नेटडेव्ह टीएक्स ओके’ परत दे. बस्स.

‘ओके’ या उत्तराचा कर्नलमधला अर्थ पक्का ठरलेला आहे. पॅकेट यशस्वीपणे गेलं असा तो नाही. पॅकेट आता ड्रायव्हरच्या मालकीचं झालं, त्याची विल्हेवाट ड्रायव्हर लावेल, आणि तीही ठरावीक वेळात, असा तो करार आहे. ‘नेटडेव्ह टीएक्स बिझी’चा अर्थ बरोबर उलटा: मालकी वरच्या थराकडेच राहिली, ड्रायव्हरनं ती एसकेबी मोकळी करायची नाही आणि तिचा पत्ताही जवळ ठेवायचा नाही, वरचा थर ती रांगेत परत घालून पुन्हा देईल. कर्नलच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. ड्रायव्हरनं पॅकेट धरून ठेवलं तर जागेची वाट बघणारी सॉकेटं कायमची अडकू शकतात, हा इशाराही तिथेच आहे. आमच्या ड्रायव्हरनं ‘ओके’ म्हणून मालकी घेतली आणि वस्तू तशीच सोडून दिली.

सोपा उपाय, आणि तो का नको

पुरवठादाराकडून आलेला पहिला पॅच (कोडमधला बदल) एका ओळीचा होता: फंक्शनच्या सुरुवातीलाच ‘एसकेबी ऑर्फन’ बोलवा. हे फंक्शन डिस्ट्रक्टर लगेच चालवतं आणि एसकेबीचं सॉकेटशी असलेलं नातं तोडतं. पॅच लावला, पेटी मुकी होणं थांबलं. तक्रार मिटली असं कोणालाही वाटेल.

मला हा पॅच मूळ दोषापेक्षा घातक वाटला, आणि तो नाकारण्यासाठी मी अडून बसलो. ऑर्फन केल्यावर खात्यावरचं वजन उतरतं, पण मेमरीतली एसकेबी आहे तिथेच राहते. आधी २७८ पॅकेटांनंतर प्रोग्राम थांबायचा, म्हणजे गळतीला निदान एक बांध होता. आता तोही गेला. पूर्ण दिवस टॉवर नसला तर २,८८० पॅकेटं, म्हणजे सुमारे २.१ एमबी कायमची गेली. इतक्या हळू गळतीनं बोर्ड कोसळायला काही महिने लागतील. आज दोन तासांत दिसणारा दोष पुढच्या बहाराच्या ताणात, वेगळ्याच चेहऱ्यानं, मेमरी संपल्याच्या रूपात उगवला असता. आणि तेव्हा त्याचा टॉवरशी संबंध कोणाच्या डोक्यात आला नसता. ‘एसकेबी ऑर्फन’ वाईट आहे असं मुळीच नाही. व्हर्च्युअल यंत्रांचा ‘व्हर्टिओ नेट’ ड्रायव्हर पाठवण्याच्या एका पद्धतीत ते विचारपूर्वक वापरतो, पण तिथे एसकेबी नंतर मोकळी होते.

खरी दुरुस्तीही कोडच्या त्या फांदीपुरती एकाच ओळीची: ‘ओके’ परत देण्याआधी ‘डेव्ह केफ्री एसकेबी एनी’ बोलवायचं. पण एका फांदीत मालकीचा घोळ असेल तर बाकीच्या फांद्या निर्मळ असतील असं धरून चालता येत नाही. म्हणून फंक्शनच्या प्रत्येक ‘रिटर्न’पाशी थांबून एकच प्रश्न विचारत गेलो: या क्षणी एसकेबी कोणाची?

यूएसबीवर या प्रश्नाचं उत्तर एका ठिकाणी बदलतं. यूआरबी म्हणजे यूएसबीकडे दिलेली डेटा पाठवण्याची विनंती. ‘यूएसबी सबमिट यूआरबी’ यशस्वी झालं, तर त्या यूआरबीचं ‘कम्प्लिशन’ (काम संपल्यावरचं) फंक्शन एकदा आणि एकदाच चालणार; एसकेबी मोकळी करणं त्याचं काम. सबमिट फसलं, तर कम्प्लिशन कधीच चालणार नाही. एसकेबी अजून आपलीच. ही रेघ डोळ्यांसमोर ठेवून वाचल्यावर आणखी तीन जागा सापडल्या.

पहिली, यूआरबीला मेमरी मिळाली नाही किंवा सबमिट फसलं, तर ड्रायव्हर एसकेबी मोकळी करत होता आणि वर ‘बिझी’ परत देत होता. हा उलट्या दिशेचा गुन्हा. वरचा थर मोकळी झालेली एसकेबी रांगेत घालतो आणि पुन्हा ड्रायव्हरच्या हाती देतो. कर्नलच्या ‘फेलस्लॅब’ सोयीनं मेमरी नाकारल्याचं मुद्दाम घडवलं आणि जास्त मेमरीच्या बोर्डावर मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं ‘केसान’ चालू ठेवलं. त्यानं लगेच ‘यूज आफ्टर फ्री’ (मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर) म्हणून बोंब ठोकली. इथे एसकेबी मोकळी करणं बरोबर होतं. उत्तर ‘ओके’ हवं होतं.

दुसरी जागा डोळ्यांना अगदी निरुपद्रवी दिसते. सबमिट यशस्वी झाल्यानंतरच्या ओळीत ‘टीएक्स बाइट्स’मध्ये एसकेबीची लांबी मिळवलेली होती. पण सबमिट होताच मालकी गेली. दुसऱ्या कोअरवर कम्प्लिशन चालून एसकेबी तोवर मोकळीही झालेली असू शकते, आणि आपण गेलेल्या वस्तूची लांबी वाचत असतो. लांबी सबमिटच्या आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्यायची, इतकंच.

तिसरी कम्प्लिशनमध्येच. बॅटरीचा दाब पडून मॉडेम रीसेट झाला की वाटेत असलेले सगळे यूआरबी त्रुटीचा कोड घेऊन परत येतात. ड्रायव्हर तो कोड पाहून लगेच बाहेर पडत होता, एसकेबी तशीच. त्रुटी येवो न येवो, कम्प्लिशनमध्ये मालक आपणच असतो, त्यामुळे तिथल्या प्रत्येक वाटेवर मोकळं करणं आलंच.

चर्चेत एक सूचना अशीही आली की फंक्शनच्या शेवटी एकच ‘आउट’ लेबल ठेवून सगळ्या वाटा तिथे आणाव्यात आणि तिथेच एसकेबी मोकळी करावी. दिसायला सुबक, पण यशस्वी सबमिटची वाटही तिथेच आली असती: मॉडेम अजून ती मेमरी वाचतोय आणि आपण ती परत देऊन टाकतोय, मागून कम्प्लिशन तीच दुसऱ्यांदा मोकळी करणार. म्हणून ‘ड्रॉप’ असं लेबल केलं आणि त्याच्याकडे फक्त फसलेल्या वाटा नेल्या.

या मालकीच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या पॅचमध्ये ठेवल्या. एकत्र असत्या तर पुढे कोणाला फक्त ‘बिझी’चा पॅच जुन्या कर्नलवर न्यायचा झाला तर नेता आला नसता. प्रत्येकाच्या वर्णनात कुठल्या वाटेवर मालक कोण, ते एका वाक्यात लिहिलं.

त्यानंतर एक पॅच वेगळ्या कारणासाठी केला. मॉडेम नेटवर्कवरून उतरला हे ड्रायव्हरला कळत होतं, पण तो ते वर सांगत नव्हता. आता उतरल्यावर ‘नेटइफ कॅरियर ऑफ’ आणि परत आल्यावर ‘नेटइफ कॅरियर ऑन’ बोलावलं जातं. कॅरियर, म्हणजे जोडणी असल्याची खूण, नसताना वरचा थर पॅकेट ड्रायव्हरकडे पाठवतच नाही, स्वतःच निकालात काढतो. हा पॅच मुद्दाम शेवटी लावला. आधी लावला असता तर गळकी फांदी क्वचितच चालली असती आणि दोष बरा झाल्याचा भास झाला असता. मॉडेम उतरणं आणि ड्रायव्हरला ते कळणं यांत थोडं अंतर असतंच. त्या फटीत येणारी पॅकेटं तीच फांदी घेणार.

पडताळणी

रेडिओ बंद, १ सेकंदाचं अंतर, रात्रभर. सकाळी ‘एसएस’मध्ये ‘टी’ शून्य, केमेमलीकची यादी रिकामी, ‘स्लॅबटॉप’च्या दोन्ही ओळी स्थिर. कॅरियरचा पॅच काढून तीच चाचणी पुन्हा घेतली, म्हणजे दुरुस्त फांदी खरोखर चालून निघेल. या वेळी ‘टीएक्स ड्रॉप्ड’ जितका चढला तितक्याच नोंदी ‘केफ्री एसकेबी’च्या ट्रेसपॉइंटवर पडल्या. रेडिओ चालू करताच पुढच्याच आकड्याची पोच आली. मॉडेमची यूएसबी पाठवता पाठवता उपटूनही पाहिली, केसान गप्प.

मग काकांच्या बागेतल्या पेटीवर नवा ड्रायव्हर चढवला आणि रोजचा रीस्टार्ट काढून टाकला. त्यानंतर गावठाण फीडर रात्रभर गेला, टॉवर बसला, पहाटे आला, आणि आकडे येऊ लागले. रात्रीच्या आकड्यांची मात्र वानवा होती, कारण प्रोग्राम फक्त ताजा आकडा जवळ ठेवतो. ताणाच्या काळात रात्रीचा ओलावाही हवाच, म्हणून तो आता कार्डावर साठवून टॉवर आल्यावर पाठवतो, आणि सॉकेट ‘नॉन-ब्लॉकिंग’ (जागा नसली तरी न थांबणारं) केलंय.

मे महिन्यात मृग बहाराचा ताण सुरू होईल. त्याआधी उरलेल्या सगळ्या पेट्यांवर हा ड्रायव्हर जायला हवा. हा मॉडेम क्यूएमआय भाषाही बोलतो आणि तिच्यासाठी ‘क्यूएमआय डब्ल्यूवान’ हा ड्रायव्हर २०१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे. पुढच्या पेट्या त्यावर बांधाव्यात असं माझं ठाम मत आहे. टेबलावर एक पेटी त्यावर चालू केली आहे, आणि तिचा रेडिओ दर रात्री तीन तास बंद राहतो.